गाडीचं काम घरी: वर्कशॉप मॅन्युअल की व्हिडिओ?
व्हिडिओत हात दिसतो, क्लिप कुठनं सुटते ते कळतं. पण ‘चांगलं कचकून आवळा’ म्हणजे किती? तेवढं ऐकून मी ऑइल-प्लग (ऑइल काढायच्या भोकाचं बूच) आवळला, अ‍ॅल्युमिनियमच्या ऑइल-चेंबरचे आटे गेले आणि उद्यमनगरातल्या वर्कशॉपात नवे पाडून घ्यावे लागले.

वर्कशॉप मॅन्युअल, म्हणजे मेकॅनिकसाठीचं दुरुस्तीचं पुस्तक, रुक्ष, पण त्यात प्रत्येक नटाचा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, आकड्यात. एकक मात्र बघा: जुन्या पुस्तकात किलोग्रॅम-मीटर, आजच्या पान्यावर न्यूटन-मीटर, १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. मॉडेल, साल, इंजिन कोड जुळत नसेल तर ती रद्दीच. डॅशबोर्डच्या कप्प्यातलं पुस्तक वेगळं. ते ऑइलचा ग्रेड, टायरची हवा यापुरतं.

माझा कौल मॅन्युअलला. डोअर-पॅड (दाराचं आतलं कव्हर) काढायला तेवढा व्हिडिओ.