मानपूरच्या धबधब्यावरील रॅपलिंग: दोर भरवशाचे, पहारा अपुरा

गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आम्ही सहा जणी इंदूरहून मानपूरच्या बाजूला असलेल्या एका धबधब्यावर रॅपलिंगसाठी, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरण्यासाठी, गेलो होतो. पाच जणी रामबागेतल्या जुन्या शाळासोबती आणि सहावी माझी मावसबहीण, जिने त्याच महिन्यात वयाची बावन्न वर्षे पूर्ण केली होती. आयोजक इंदूरचेच आहेत. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या मी त्यांना पत्राने कळवल्या आहेत आणि त्यांवर त्यांनी काम सुरू केले आहे. माणशी पंधराशे रुपयांत जाण्यायेण्याची बस, सकाळचे पोहे, साहित्य आणि एक उतरण असा हा कार्यक्रम होता. पोहे उत्तम होते, शेव आणि जिरावण मसाला वेगळे बांधून दिले होते, आणि जेवणाखाण्याविषयी याहून अधिक लिहिण्याची गरज नाही.

लिहायचे आहे ते दोरांविषयी. धबधब्यावरचे रॅपलिंग कोरड्या कड्यावरच्या रॅपलिंगपेक्षा वेगळे असते. कोरड्या कड्यावर माणूस मध्येच अडकला तर तो लोंबकळत राहतो आणि वरून कोणीतरी येईपर्यंत वाट पाहू शकतो. पाण्याच्या धारेखाली अडकलेल्या माणसाला तेवढी सवड नसते. म्हणूनच कड्याच्या माथ्यावर पोहोचताच मी सर्वप्रथम अँकर, म्हणजे दोर ज्यांना अडकवतात ते पक्के आधार, पाहिले, आणि तेथे माझे समाधान झाले. एक अँकर कातळात ठोकलेल्या बोल्टांवर होता, दुसरा मागच्या जाड बुंध्याच्या झाडाला होता, आणि एक निकामी झाला तरी भार दुसऱ्यावर जाईल अशा रीतीने दोन्ही जोडलेले होते. ज्या दोरावरून आम्ही उतरणार होतो तो तेथे कायमच्या गाठीने बांधलेला नव्हता. आठाच्या आकाराच्या एका कडीतून, म्हणजे ज्याला सगळे नुसते ‘एट’ म्हणतात तिच्यातून, वेढे देऊन तो अडकवला होता, जेणेकरून कोणी धारेखाली अडकलेच तर वरचा प्रशिक्षक वेढे सोडून त्या व्यक्तीला दोरासकट खाली घेऊ शकेल. याशिवाय प्रत्येकीच्या हार्नेसला, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांना, दुसरा स्वतंत्र दोर होता, तो वरचा माणूस हाताळत होता. खाली डोहाजवळ आणखी एक जण मुख्य दोराचे टोक धरून उभा होता. उतरणारीचा हात सुटला आणि त्याने ते टोक ताणले की तिच्या हार्नेसवरच्या तशाच दुसऱ्या एटमधला दोर आवळतो आणि ती जागच्या जागी थांबते. कड्याच्या काठावर दोर घासू नये म्हणून त्याखाली अग्निशामक दलाच्या जुन्या पाइपाचा तुकडा घातलेला होता. पैसे वाचवायचे असते तर यातल्या निम्म्या गोष्टी त्यांना गाळता आल्या असत्या आणि आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षातही आले नसते. त्यांनी काहीही गाळले नाही, याचे मोल मला फार वाटते.

माथ्यावरच्या मुख्य प्रशिक्षकाची तपासणीही तितकीच काटेकोर होती. हार्नेसचा पट्टा बकलातून उलटा घालून घेतला आहे की नाही, कॅराबिनरचा, म्हणजे हार्नेसला अडकवायच्या उघडझाप कडीचा, स्क्रू पूर्ण फिरवला आहे की नाही, हे तो डोळ्यांनी पाहायचा आणि मग हाताने ओढूनही पाहायचा. माझ्या मैत्रिणीची लांब वेणी त्याने तिला टी-शर्टच्या आत खोचायला लावली आणि वर आलेली बट हेल्मेटखाली सारायला सांगितली. हार्नेसवरच्या एटमध्ये केस ओढले गेले तर माणूस ना वर जाऊ शकतो ना खाली, आणि ते सोडवताना घाईत दोर कापला जाण्याचा धोका असतो. हे त्याने तिला घाबरवण्यासाठी सांगितले नाही. कारण समजले म्हणजे माणूस सूचना मनापासून पाळतो, इतक्या सरळ हेतूने सांगितले.

उतरणीविषयी. इंदूरपासून दक्षिणेला गेले की माळव्याचे पठार विंध्याच्या कड्याशी संपते आणि तेथील ओढे नर्मदेच्या खोऱ्याकडे झेपावतात. हा सगळा बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला दगड आहे. वरचा थर टणक आणि खालचा ठिसूळ असला की पाणी खालचा थर पोखरत जाते आणि मध्येच कपार तयार होते. आमच्या वाटेवर अशी कपार साधारण अर्ध्यावर होती. तेथपर्यंत पाय कातळावर नीट टेकतात, गुडघे किंचित वाकवून, खुर्चीत बसल्यासारखे मागे रेलून एकेक पाऊल टाकता येते. कपारीपाशी मात्र पावलांखालचा दगड एकाएकी नाहीसा होतो, शरीर आत झुलते आणि धार थेट खांद्यांवर येते. तेथे मी डोळे मिटले होते. पाण्याचा आवाज इतका होता की वरची सूचना ऐकू येणे शक्य नव्हते, पण खालच्या माणसाने दोर हलकेच ताणून मला स्थिर केले आणि पुन्हा सैल सोडले. त्या दोन क्षणांत उजव्या हाताच्या मुठीतून ओला दोर सरकताना जाणवणारा त्याचा खरखरीतपणा मला अजून आठवतो. वरून निघताना प्रशिक्षक म्हणाला होता, “दीदी, पानी मत देखना, पत्थर देखना.” कपारीत पाहायला दगडच उरत नाही, पण बाकी सर्व वाटेवर ती सूचना अचूक लागू पडली.

आता उणिवा. त्या दिवशी चाळीसहून अधिक माणसे आणली होती आणि उतरायची वाट एकच होती. आम्ही ओल्या कपड्यांत अडीच तास बसून होतो. हातमोजे सहाच जोड्या होते, तेही तळव्याशी विरलेले, आणि प्रत्येक जोडी एकीच्या हातातून दुसरीच्या हातात ओलीच जात होती. कपडे बदलण्यासाठी बांधलेली ताडपत्री वाऱ्याने सतत उडत होती, आणि स्त्रियांची संख्या मोठी असताना हे अजिबात चालण्यासारखे नाही.

पण माझी खरी तक्रार याहून गंभीर आहे. धबधब्याच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या काठाने काही अंतरावर, पाण्यावर नजर ठेवणारा कोणीही नव्हता. मी विचारले तेव्हा, “आज पाऊस नाही,” असे उत्तर मिळाले. आमच्या डोक्यावर पाऊस नव्हता हे खरे, पण ओढ्याला पूर येतो तो त्याच्या पाणलोटात कुठेही पडलेल्या पावसाने येतो. इंदूरच्या माणसाला हे सांगावे लागू नये. जुलै २०११ मध्ये इंदूरजवळच्या पातालपाणी धबधब्यावर अचानक आलेल्या लोंढ्यात पाच जण वाहून गेले आणि त्यांतले तिघे दगावले. त्या दिवसानंतर कितीतरी घरांत पावसाळी सहलींना बंदी झाली होती. आमच्या घरातही झाली होती.

दुपारी दोनच्या सुमारास डोहाचे पाणी गढूळ होऊ लागले, त्यात काटक्या आणि पाला दिसू लागला. मुख्य प्रशिक्षकाच्या ते तत्काळ लक्षात आले. त्याने शिट्टी वाजवून उतरण थांबवली, दोरावरच्या मुलीला वेढे सोडून झपाट्याने खाली घेतले आणि खालच्या सर्वांना उंच काठावर चढवले. पंधरा मिनिटांत पाणी हातभर वाढले. ज्या सपाट खडकावर थोड्या वेळापूर्वी सहा जण चहा घेत बसले होते, तो खडक त्या पाण्याखाली गेला. कोणालाही ओरखडासुद्धा आला नाही. प्रशिक्षकाच्या नजरेचे आणि निर्णयाचे मी मनापासून कौतुक करते. मात्र ती नजर एका माणसाची होती, आणि तोच माणूस त्या वेळी हार्नेस तपासत होता. वरच्या बाजूला वॉकी-टॉकी घेऊन एक जण उभा असता तर आम्हाला मिळालेल्या काही मिनिटांच्या जागी बराच अधिक वेळ मिळाला असता. पावसाळ्यातल्या धबधब्यावर एवढा खर्च टाळता येण्याजोगा मुळीच नाही.

उतरण थांबली तेव्हा अकरा जणांची पाळी शिल्लक होती, आणि माझी मावसबहीण त्यांतलीच एक होती. आयोजकांनी पैसे परत न करता पुढची तारीख देऊ केली. थांबवण्याचा निर्णय शंभर टक्के योग्य होता, त्यामुळे त्याबद्दल कोणीही वाद घातला नाही. परंतु हवामानामुळे कार्यक्रम अर्धवट राहिला तर पैसे की तारीख, हे नोंदणी करतानाच लेखी सांगायला हवे. बाहेरगावाहून आलेल्या दोन मुलांना पुढची तारीख निरुपयोगी होती. त्यांना बरीच विनवणी केल्यावर निम्मी रक्कम मिळाली.

माझ्या पत्राला आयोजकांनी उत्तर दिले, त्यात वरच्या अंगाला माणूस ठेवण्याचे आणि एका तुकडीत पंचवीसहून अधिक लोक न घेण्याचे मान्य केले. हे दोन्ही पाळले जात असेल तर या भागात याहून भरवशाचे दोर मला ठाऊक नाहीत आणि मी पुन्हा त्यांच्याकडेच जाईन. जाणाऱ्यांनी नोंदणीपूर्वी वरच्या पहाऱ्याविषयी स्पष्ट विचारावे, दुसरा स्वतंत्र दोर आहे ना याची खात्री करावी आणि हातमोजे स्वतःचे न्यावेत. मावसबहिणीने तिचे हातमोजे इंदूरच्या सियागंज बाजारातून आणून ठेवले आहेत, आणि यंदाची आमची तारीख सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारची आहे.