घरच्या सिम्युलेटरवर आधी कोणतं: ७३७ की ए३२०?

एकच विमान नीट शिकायचंय आणि बोइंग की एअरबस यावर घोडं अडलंय, तर टेकऑफनंतरच्या पहिल्या दीड हजार फुटांत कॅप्टनचा उजवा हात काय करतो ते बघा.

७३७-८०० मध्ये ऑटोथ्रॉटल (इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) आर्म करून, म्हणजे तयार ठेवून, थ्रॉटलचे लिव्हर हाताने साधारण ४० टक्के एन-वनपर्यंत (इंजिनाच्या पुढच्या पंख्याचा वेग) न्यायचे. दोन्ही इंजिनं स्थिरावली की टोगा (टेकऑफ/गो-अराउंड) बटण दाबायचं. पुढे लिव्हर तळहाताखाली आपले आपण सरकतात. ८४ नॉट्स वेगाला ‘थ्रॉटल होल्ड’ दिसतं. आता यंत्र लिव्हरला हात लावणार नाही. वर गेल्यावर क्लाइंब थ्रस्टसाठी (चढतानाचा, टेकऑफपेक्षा कमी जोर) तेच लिव्हर जरासे मागे येतात. म्हणजे इंजिनाचं काय चाललंय ते हाताला कळतं.

ए३२० चे लिव्हर स्वतःहून हलतच नाहीत. फ्लेक्स (टेकऑफचा कमी केलेला जोर) किंवा टोगाच्या खाचेत ढकलले की ऑटोथ्रस्ट, म्हणजे एअरबसचा ऑटोथ्रॉटल, आर्म होतो. थ्रस्ट कमी करायच्या उंचीला ‘लिव्हर क्लाइंब’ लुकलुकतं, मग लिव्हर क्लाइंबच्या खाचेत ओढायचे आणि उतरेपर्यंत तिथेच ठेवायचे. मी पहिल्यांदा बाहेरचे ढग बघण्यात रमलो आणि लिव्हर टोगातच राहिले. इथे डोळा एफएमएवरच (कोणता मोड चालू आहे ते दाखवणारी पडद्यावरची वरची पट्टी) हवा.

ऑटोपायलट ए३२० वर १०० फुटांपासून लावता येतो, ७३७ वर सहसा ४०० पासून. घरी हा फरक किरकोळ. व्हर्टिकल स्पीड मोडचा (ऑटोपायलटला चढायचा ठराविक दर सांगायचा) धोका मात्र दोन्हीकडे सारखाच: उंचावर चढीचा दर जास्त मागितला आणि थ्रस्ट संपला, की वेग गळायला लागतो.

हलणारे लिव्हर म्हणजे सुरक्षितता, असंही नाही. ९ जानेवारी २०२१ ला जकार्ताहून निघालेल्या श्रीविजय एअरच्या ७३७-५०० मध्ये चढताना डावा लिव्हर मागे येत गेला, उजवा जागचा हलला नाही. वेळेत लक्षात आलं नाही आणि ६२ जण गेले.

शिवाय तुमच्या टेबलावरच्या साध्या थ्रॉटलला मोटर नसते. ७३७ चे लिव्हर पडद्यावर सरकतील, हातातला दांडा ढिम्म. ऑटोथ्रॉटल काढलात की दोघांचा मेळ बसवत बसा. ए३२० ला हाच ढिम्म दांडा अस्सल विमानासारखा वागतो, फक्त खाचा नीट कॅलिब्रेट करा. म्हणून मोटरवाला क्वाड्रंट (थ्रॉटल लिव्हरचा संच) घेणार नसाल तर ए३२० च घ्या, ७३७ मला कितीही जास्त आवडत असलं तरी.