ड्रायव्हर फुकट होता, मी ५४,७१८ रुपये मोजले

५४,७१८ रुपये. पोलीस ठाण्यातल्या अर्जात, बँकेच्या फॉर्मवर, सरकारी सायबर पोर्टलवरच्या तक्रारीत हा आकडा मी इतक्यांदा लिहिलाय की आता झोपेतही सांगेन. १,४९९, मग ४,७२०, मग २४,९९९, मग २३,५००. लॅपटॉप दुरुस्तीच्या नावाखाली एका ठकाकडे चार वेळा पैसे गेले आणि चारही वेळा मी लॅपटॉपसमोरच बसले होते. घरात हे फक्त आईला आणि धाकट्या भावाला माहीत आहे. नातेवाइकांत कोणालाच सांगितलेलं नाही, कारण पहिला प्रश्न काय येणार ते ठाऊक आहे. पण गेल्या आठवड्यात आमच्याच धंद्यातल्या एका मुलीला अगदी तसाच फोन झाला, तसंच बोलणं, तेच "सर्व्हर व्हेरिफिकेशन". म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितेय.

मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. त्यासाठीच ९२,४९० रुपयांचा गेमिंग लॅपटॉप हप्त्यांवर घेतला, अजून पाच हप्ते बाकी आहेत. दिवसा माझं काम, रात्री भावाचे गेम. फेब्रुवारीत, ऐन लग्नसराईत, ग्राफिक्स ड्रायव्हरचं, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारा भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं, अपडेट आलं. मी "इन्स्टॉल" दाबलं, लॅपटॉप रिस्टार्ट झाला आणि त्या दिवसापासून मशीन बसलं. भावाच्या गेममध्ये आधी सेकंदाला ८०-९० फ्रेम मिळायच्या, त्या २८ वर आल्या. माझ्या एडिटिंगच्या टाइमलाइनवर नवरीची मांडवातली एन्ट्री अडखळत चालायला लागली, आणि वीस मिनिटांत होणारं एक्सपोर्ट दीड तास घेऊ लागलं. सोमवारी सकाळी पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, दोन तासांची फिल्म द्यायची होती. तो दिवस शनिवार, तोही दुसरा. घाईत होते, हे मी आधीच सांगते. ज्यांना डेडलाइन म्हणजे काय ते माहीत आहे, त्यांना मी फोन का लावला हे समजेल.

लॅपटॉप कंपनीच्या नावापुढे "कस्टमर केअर नंबर" असं टाकून शोधलं. सगळ्यात वर आलेला नंबर लावला. १८०० ने सुरू होणारा, टोल फ्री. त्याच्यावर बारीक अक्षरात "प्रायोजित" लिहिलेलं होतं, म्हणजे ती पैसे देऊन लावलेली जाहिरात होती. ते अक्षर मी नंतर पाहिलं. कंपनीचा खरा नंबर लॅपटॉपच्या खोक्यावर आणि वॉरंटी कार्डावर छापलेला असतो. खोकं माळ्यावर होतं, स्टूल घेऊन चढायचा कंटाळा केला. नंबर शोधायचाच असेल तर कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करून आत जा, शोधयादीतल्या पहिल्या ओळीवर बोट ठेवू नका.

समोरचा माणूस आधी हिंदीत बोलला. माझं हिंदी ऐकून लगेच मराठीवर आला. "ताई, मीही साताऱ्याकडचाच, बोला आरामात." त्याने सीरियल नंबर मागितला आणि अर्ध्या मिनिटात माझ्या मॉडेलचं नाव आणि वॉरंटी कधी संपते ती तारीख अचूक सांगितली. तिथेच माझा विश्वास बसला. हे नीट वाचा: सीरियल नंबर हातात असेल तर बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटी तपासायच्या पानावर ही माहिती कोणालाही दिसते. मीच नंबर दिला आणि माझीच माहिती त्याने मला वाचून दाखवली.

मग लांबूनच आपला लॅपटॉप चालवू देणारं रिमोटचं अ‍ॅप. हो, माहीत होतं मला. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच असल्या अ‍ॅपवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं, तेव्हापासून सगळीकडे सांगतात. पण ते सगळे इशारे मोबाइलवर अ‍ॅप घेऊ नका असे माझ्या डोक्यात बसले होते. कॉम्प्युटर दुरुस्त करायला रिमोट घेतात ही रोजची गोष्ट आहे. मीही पार्टीला फाइल दाखवायला स्क्रीन शेअर करते.

त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोज आपल्या बारीकसारीक चुकांची नोंद ठेवतं ती यादी, उघडून लाल गोळे आणि पिवळे त्रिकोण दाखवले. "ताई, हे बघा, साडेचार हजार एरर. ड्रायव्हर करप्ट आहे, हार्डडिस्क जाऊ शकते." नंतर भावाने स्वतःच्या धडधाकट कॉम्प्युटरवर तेच उघडून दाखवलं, तिथेही हजारो होते. प्रत्येक विंडोजमध्ये असतात. कोणी ते दाखवून घाबरवायला लागला की त्याच क्षणी फोन ठेवा.

आणि सगळ्यात वाईट भाग असा की त्याने लॅपटॉप खरंच नीट केला. सेटिंगमध्ये गेला, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स, तिथे माझ्या एडिटिंग सॉफ्टवेअरवर क्लिक करून "हाय परफॉर्मन्स" निवडलं, बस. अशा लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधलं कामचलाऊ आणि एक वेगळं ताकदीचं. अपडेटनंतर माझं सॉफ्टवेअर कामचलाऊवर चालत होतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सचं पान उघडलं असतं तर दिसलं असतं की एक ग्राफिक्स १०० टक्क्यांवर घामाघूम आहे आणि दुसरं शून्यावर निवांत. दोन मिनिटांचं काम, एक रुपयाही लागत नाही. तेवढ्याने नाही झालं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये "रोल बॅक ड्रायव्हर" असतं, जुना ड्रायव्हर परत येतो. ते बटण पुसट असेल तर सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर पूर्ण काढायचा आणि लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा आधीचा टाकायचा. ड्रायव्हर फुकट असतो. ड्रायव्हरचं लायसन्स, ड्रायव्हरचं रिन्यूअल असलं काही जगात नसतं.

टाइमलाइन पळायला लागली तेव्हा मला त्याचे पाय धरावेसे वाटले. त्याने १,४९९ रुपये "लाइफटाइम ड्रायव्हर सपोर्ट" म्हणून मागितले, मी यूपीआयने दिले. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं कुठल्यातरी "ट्रेडर्स"चं. लॅपटॉप कंपनीचं नव्हे. माझा अंगठा थांबला होता. मी विचारलंसुद्धा. "ताई, ऑथराइज्ड व्हेंडर आहे आपला, बिल कंपनीचंच येईल." आणि मी पिन टाकला. यूपीआय अ‍ॅप पैसे घेणाऱ्याचं नाव दाखवतं ते याचसाठी. नाव जुळलं नाही तर व्यवहार तिथेच थांबवायचा, समोरचा काय खुलासा करतो ते ऐकायचंसुद्धा नाही.

मग वॉरंटी वाढवण्याचं "रिफंडेबल डिपॉझिट", ४,००० अधिक १८ टक्के जीएसटी, ४,७२०. तो जीएसटीचा हिशेब बरोबर आला म्हणून मला खरं वाटलं. आता लिहिताना अंगाचा तिळपापड होतो.

पाचच मिनिटांत तो म्हणाला, सिस्टीममध्ये तुमचं डिपॉझिट माफ दाखवतंय, रिफंड लावतो. स्क्रीन थोडा वेळ काळी राहील, अपडेट चालू आहे, काही हात लावू नका. आणि स्क्रीन काळी व्हायच्या आधी, एक सेकंद असेल, मी पाहिलं. माउसचा बाण ब्राउझरच्या उजव्या कोपऱ्यात गेला, वरच्या तीन टिंबांवर. तिथे ड्रायव्हरचं काय काम? तिथे सेव्ह केलेले पासवर्ड असतात. माझ्या नेटबँकिंगचा युजर आयडी आणि पासवर्ड तिथेच होता, रोज टाइप करायला नको म्हणून. मी तो बाण पाहिला, मला काहीतरी खटकलं, आणि मी गप्प बसले. का गप्प बसले याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. लॅपटॉप नीट झाला होता, माणूस "ताई ताई" करत होता, उद्धट वाटायला नको, असलं काहीतरी असेल. रात्री डोळे मिटले की तो बाण दिसतो.

८ वाजून २१ मिनिटांनी फोनवर कोड आला. "ताई, सर्व्हरचा व्हेरिफिकेशन कोड आलाय, सांगा." फोनवर हल्ली मेसेज न उघडताच वर पट्टीत सहा आकडे दिसतात, शेजारी "कॉपी" लिहिलेलं. मी तेवढेच वाचून सांगितले. मेसेज उघडला असता तर त्यात २४,९९९ लिहिलेलं होतं, आणि कोणाला सांगू नका हेही. "पहिला एक्स्पायर झाला, दुसरा सांगा." ८:२६. दुसराही सांगितला, तो २३,५०० चा होता. भिशीचे ५०,००० त्याच आठवड्यात खात्यात आले होते.

८:३८ ला भाऊ घरी आला. माझा फोन चार्जिंगला लावताना म्हणाला, "ताई, हे २४,९९९ कशाचे कापले?" त्याने पहिल्यांदा राउटरची पिन उपटली. मी तर तेव्हाही फोनवर त्या माणसाला विचारत होते.

यापुढचा राग त्या चोरावर नाही, दुसरीकडे आहे.

८:४० ला मी बँकेचा नंबर लावला. भाषा निवडा, खातं निवडा, कार्डासाठी एक दाबा, कर्जासाठी दोन दाबा, मग संगीत. फसवणुकीसाठी वेगळा पर्याय पाचव्या पायरीवर. माणूस लाइनवर आला ९:०६ ला, २६ मिनिटांनी. २४,९९९ एका वॉलेटमध्ये गेले होते आणि ८:५१ ला त्याची गिफ्ट व्हाउचर घेतली गेली, हे वॉलेटवाल्यांच्या मेलमधून नंतर कळलं. म्हणजे मी लाइनवर संगीत ऐकत होते तेव्हा पैसे तिथेच होते! भावाने मात्र त्याच वेळात स्वतःच्या फोनवरून १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, लावला आणि तक्रार नोंदवली, म्हणून २३,५०० पुढच्या खात्यात गोठले. म्हणून सांगते, आधी १९३०, मग बँक. दोन फोन असतील तर दोन्ही एकाच वेळी. आणि यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक), वेळ, रक्कम समोर लिहून ठेवा, तिथे तेच विचारतात.

सोमवारी शाखेत गेले. अधिकाऱ्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवूनही दाखवली नाही. "व्यवहार तुमच्याच लॅपटॉपवरून, तुमच्याच पासवर्डने, ओटीपीने झालाय. बँकेचा दोष नाही." बरोबर आहे, लॅपटॉप माझाच, कारण चोर त्याच्या आत बसला होता. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी छापून नेलं होतं. त्यात ग्राहकाचा दोष असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, हे मला मान्य आहे, मी ओटीपी दिला. पण ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचा भार बँकेवर आहे आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा आहे, हेही त्यातच आहे. कळवलं म्हणजे कधी? मी ८:४० म्हणते, कॉल लॉग दाखवते. ते ९:०६ म्हणतात. लेखी उत्तर मागितलं तर "मेल करा". मेल केला तर "शाखेत संपर्क साधा". तीनदा झालं हे.

पोलीस ठाण्यात त्याहून वाईट. पहिल्या दिवशी सांगितलं, ऑनलाइन तक्रार झालीय ना, मग इथे कशाला आलात. दुसऱ्या दिवशी, हे आमच्याकडे होत नाही, जिल्ह्याला सायबरला जा. ४२ किलोमीटर एसटीने गेले, तिथे म्हणाले रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच गुन्हा दाखल होईल. ५४,७१८ रुपये लहान! माझ्या तीन फिल्मची मजुरी आहे ती. परत आले तर हवालदार सगळ्यांसमोर मोठ्याने, "मॅडम, शिकलेल्या बायका तुम्ही, ओटीपी देता कसा?" मागे बाकावर बसलेली माणसं हसली. मी चोरी केल्यासारखी मान खाली घालून उभी होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावी लागते. हे मी चौथ्या फेरीत त्यांना सांगितलं, तेव्हा कुठे खुर्ची मिळाली. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं तोतयेगिरीचं कलम ६६ ड लागलं, तेही मीच लिहून नेलेल्या अर्जातून उतरवून. तुमच्यावर वेळ आली तर अर्ज दोन प्रतींत न्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय हलू नका. माझ्या पहिल्या दोन फेऱ्यांचा कागदावर मागमूस नाही.

गोठलेले २३,५०० परत मिळायला कोर्टाचा आदेश आणा, असं मला सांगितलंय. त्यासाठी ठाण्याचा अहवाल लागतो. अहवाल "साहेबांच्या सहीला" आहे.

लॅपटॉप आम्ही त्याच रात्री नेटवरून तोडला, फाइल काढून घेऊन पूर्ण फॉरमॅट केला. सगळे पासवर्ड भावाच्या फोनवरून बदलले, त्या लॅपटॉपवरून नाही. रिमोटचं अ‍ॅप नुसतं काढून भागत नाही, त्यात मालकाने होकार न देताही आत यायची सोय चालू करून ठेवता येते. ब्राउझरमध्ये बँकेचा पासवर्ड ठेवला असेल तर हे वाचून झाल्यावर आधी तो काढा. तो १८०० चा नंबर मी संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या "चक्षू" या संशयास्पद फोन कळवायच्या सोयीवर कळवलाय, यूपीआय आयडी सायबर पोर्टलवर टाकलाय. अनोळखी नंबर सायबर पोर्टलवर आधी तपासताही येतो. बँकेने ३० दिवसांत समाधान केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, वकील लागत नाही. माझी परवा गेली.

फिल्म सोमवारी दिली. भावाच्या कॉम्प्युटरवर, रात्रभर जागून. पार्टी खूश आहे, नवरीच्या आईने फोन केला होता. आज ५१ वा दिवस. उद्या सकाळी अकराला पुन्हा ठाण्यात जायचंय, अहवालावर सही झाली का ते बघायला. या वेळी भावाला सोबत नेणार आहे, आणि दुसरी प्रत.