जुना पुठ्ठा खरा, वरचे भाऊराव खोटे

संगीत नाटकाच्या जुन्या वस्तू जमवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. ऑनलाइन 'किर्लोस्कर मंडळीतल्या नटाचा मूळ फोटो' असं सांगून बनावट माल खपवला जातोय (किर्लोस्कर मंडळी म्हणजे त्या काळची नामवंत संगीत नाटक कंपनी). माझे १८,००० रुपये त्यात गेले.

मला विकलेला फोटो मंडळीतले स्त्रीभूमिका करणारे गायक-नट भाऊराव कोल्हटकर यांचा, 'शाकुंतल' नाटकातल्या शकुंतलेच्या वेषातला. भाऊराव १९०१ मध्ये गेले आणि आपल्याकडे व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ मध्ये. ज्या आवाजासाठी लोक वेडे होत, तो आता कुणालाच ऐकता येणार नाही. स्त्रीवेषातला त्यांचा चेहरा तरी डोळ्यांसमोर असावा असं वाटणारे माझ्यासारखे बरेच आहेत, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

माणूस गोड बोलणारा. वाडा पाडताना ट्रंकेत सापडला म्हणाला, 'मूळ अल्ब्युमिन प्रिंट, कॅबिनेट कार्ड' (म्हणजे त्या काळचा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागदी फोटो) हे शब्दही बरोबर वापरले. पुढची बाजू तेवढी मोबाइलवर पाठवली. मागची मागितली तर 'कोरी आहे हो, काही नाही तिथे.' आणखी दोघं थांबलेत, आजच पैसे टाका.

पार्सल आलं. पुठ्ठा जाड, पिवळा पडलेला, कडेला सोनेरी रेघ, माप सव्वाचार बाय साडेसहा इंच. हुबेहूब कॅबिनेट कार्ड. पण पाठ कोरी नव्हती. तिथे शाईने लिहिलं होतं, 'भावड्या, शकुंतला, १८७९' (भावड्या म्हणजे भाऊरावच). शाकुंतलचा पहिला प्रयोगच मुळी ३१ ऑक्टोबर १८८० चा, पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहातला. भाऊराव मंडळीत आले ते त्याहूनही नंतर, १८८२ मध्ये.

मग भिंग काढलं. खऱ्या अल्ब्युमिन प्रिंटमध्ये कागदावर अंड्याच्या पांढऱ्याचा पातळ थर असतो. भिंगाखाली त्यातून कागदाचे तंतू दिसतात, बऱ्याचदा बारीक तडेही दिसतात, आणि उजेडाच्या जागा पिवळसर झालेल्या असतात. ठिपके मात्र कधीच नसतात, छटा सलग उतरते. माझ्या फोटोत शकुंतलेच्या गालावर निळे, गुलाबी, पिवळे शिंतोडे होते, म्हणजे इंकजेट. त्याखाली ठिपक्यांची सरळ जाळीही दिसत होती. कुठल्या तरी पुस्तकात छापलेलं चित्र स्कॅन करून, तपकिरी रंग चढवून छापलेलं.

नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च अंधारात धरला तेव्हा फोटोचा कागद निळा चमकला आणि पुठ्ठा काळाच राहिला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमकणारी द्रव्यं फोटोच्या कागदात १९५० च्या आसपास आली. मात्र उलट धरून चालू नका. त्या द्रव्यांशिवायचे कागद आजही मिळतात, त्यामुळे चमकला नाही म्हणजे जुनाच, असं ठरत नाही.

पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते पुढे. फोटोच्या डाव्या कडेला, नव्या कागदाखालून, जुन्या फोटोची एक पट्टी डोकावत होती. खुर्चीचा हात आणि त्यावर ठेवलेली कुणाची तरी बोटं. म्हणजे पुठ्ठा खरा, शंभरेक वर्षांचा, आणि त्यावर मुळात कुणा घरातलं माणूस बसलेलं होतं. तो खरा फोटो खरवडून वर खोटे भाऊराव चिकटवले. अनोळखी चेहऱ्याला भाव नाही म्हणून तो नष्ट करायचा, हा गुन्हाच आहे माझ्या लेखी.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या नेपोलियन सरोनीने काढलेले नटनट्यांचे फोटो त्या काळी दुकानांतून भरपूर खपत. प्रसिद्ध नटी सारा बर्नहार्टला त्याने १८८० मध्ये फोटोसाठी १,५०० डॉलर दिल्याचं सांगतात. पुठ्ठ्यावर त्याची सही छापलेली असे आणि प्रती अजूनही मिळतात, त्यामुळे ताडून बघता येतं. आपल्या नटांच्या मूळ प्रती हाती लागणंच कठीण. ताडायला काही नसलं की विकणारा सांगेल तो नट आणि तेच साल.

म्हणून पैसे देण्याआधी पाठीचा, कडेचा आणि भिंगातून काढलेला जवळचा फोटो मागा. टाळाटाळ झाली की तिथेच थांबा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम अडवणं अवघड. मी तक्रार केली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. विकणाऱ्याचं खातं बंद झालं. गेल्या आठवड्यात तीच शकुंतला दुसऱ्या नावाच्या खात्यावर दिसली, वेगळ्या पुठ्ठ्यावर, २२,००० रुपयांना.