शॉन द शीप मूव्ही: लावला लेकीसाठी, रंगले अण्णा

सुट्टीत पोरांना काय दाखवायचं असा प्रश्न पडला असेल तर सरळ २०१५ चा शॉन द शीप मूव्ही लावा, गॅरंटी माझी. फक्त एक अट आहे, मोबाईल बाजूला ठेवून बघायचा. कारण या पिक्चरमध्ये डायलॉगच नाहीत. म्हणजे खरंच नाहीत, एकही नाही. मेंढ्या बें बें करतात, कुत्रा गुरगुरतो, आणि माणसं आहेत ती पण तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतात, शब्द एक कळत नाही पण हा रागावलाय की घाबरलाय की लाडात आलाय ते बरोब्बर कळतं. आता आपल्या सगळ्यांना सवय काय लागलीय तर टीव्ही चालू, कान तिकडे आणि डोळे व्हॉट्सॲपवर, सिरीयल तर मी कांदा चिरता चिरता नुसती ऐकून काढते. इथे ते जमत नाही. आमचे अहो मोबाईल घेऊन बसले होते आणि दर दोन मिनिटांनी "काय झालं? का हसताय?" चालू, शेवटी लेकीने फोन ओढून उशीखाली टाकला तेव्हा कुठे गडी नीट बसला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही मूळ टीव्हीवरची मालिका, इंग्लंडच्या आर्डमन स्टुडिओची, २००७ पासून चालू आहे आणि दीडशेच्या वर भाग झालेत. एकेक भाग साताठ मिनिटांचा. शॉन नावाचं एक मेंढरू, त्याचा कळप, बिट्झर नावाचा राखणीचा कुत्रा ज्याच्या गळ्यात शिट्टी आणि हातात कायम पॅड असतं एखाद्या मुकादमासारखं, आणि जाड भिंगाच्या चष्म्याचा मालक ज्याला डोळ्यासमोर काय चाललंय ते कधीच दिसत नाही. मला भीती हीच होती की सात मिनिटांची गंमत ८५ मिनिटं ताणली की तिचं काय होणार, कारण मालिकेवरून काढलेले बरेच पिक्चर हे चार भाग एकाला एक चिकटवल्यासारखेच असतात. इथे तसं झालेलं नाही. मार्क बर्टन आणि रिचर्ड स्टारझाक या दोघांनी मिळून लिहिलाय आणि डायरेक्ट केलाय, आणि गोष्ट एकच ठेवलीय, सरळ.

गोष्ट काय, तर रोज तेच ते. कोंबडा आरवला, उठा, चरा, लोकर काढून घ्या, झोपा. शॉनला कंटाळा येतो. बसवर सुट्टी घ्या अशी एक जाहिरात दिसते आणि तो ठरवतो की आपण पण एक दिवस सुट्टी मारायची. त्यासाठी मालकाला झोपवायचं, आणि कसं तर मेंढ्या एकामागोमाग एक कुंपणावरून उड्या मारतात, मालक मोजायला लागतो आणि मोजता मोजता जागच्या जागी घोरतो! तिकडे झोप येत नसली की मेंढ्या मोजतात म्हणे, त्यावरचा जोक आहे हा, पण लेकीला हे काही माहीत नव्हतं तरी तिला कळलं, इतकं ते चेहऱ्यावर स्पष्ट आहे. मग त्याला एका जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या राहायच्या खोलीत, नेऊन झोपवतात, आणि ती गाडी निसटून उतारावरून जी सुटते ती थेट शहरात. मालकाच्या डोक्याला मार लागतो, स्मरणशक्ती गायब. आता एक दिवसाच्या मजेपायी घरातला कर्ता माणूसच हरवला म्हटल्यावर शॉन त्याला आणायला बस पकडून शहरात जातो, आणि मागच्या बसने अख्खा कळप.

शहरातला भाग सगळ्यात भारी. मेंढ्या जुने कपडे घालून माणसं बनून एका पॉश हॉटेलात जेवायला जातात आणि कसं बसायचं कसं खायचं हे दुसऱ्यांचं बघून बघून करतात. आमच्या नाशकात कॉलेज रोडला पहिल्यांदा असल्या हॉटेलात गेलेलं कुठलंही कुटुंब आठवा, मेनू कार्ड हातात घेऊन सगळे एकमेकांकडे बघतायत, सेम तेच. बिट्झर मालकाला शोधत हॉस्पिटलात शिरतो तर त्याला डॉक्टर समजून ऑपरेशन थिएटरमध्ये नेतात, तिथे आमच्याकडे हसून हसून लेकीच्या हातातला चिवडा सोफाभर. आणि मालक? त्याला काही आठवत नाही, पण हाताला सवय आहे ना, तर एका सलूनमध्ये शिरून तो मशीन उचलतो आणि मेंढीची लोकर काढतात तसे एका सेलिब्रिटीचे केस काढतो, आणि ती फॅशन होते, हा रातोरात मोठा हेअरस्टायलिस्ट! फेमस झालं की काहीही खपतं यावर इतका शालजोडीतला मारलाय की मोठ्यांनी हसावं आणि पोरांना नुसतं टक्कल बघून हसू यावं.

आता अण्णांचं सांगते. अण्णा म्हणजे माझे सासरे, मूळ सिन्नर तालुक्यातले शेतकरी, सध्या गुडघ्यामुळे आमच्याकडे नाशकात. कार्टून म्हटलं की ते उठून बाल्कनीत जातात, कारण एकतर सगळं हिंदीत डब, आणि ते बघून नात पण घरात हिंदी झाडायला लागते ते त्यांना अजिबात खपत नाही. यावेळी भाषेचा प्रश्नच नव्हता आणि समोर मेंढरं, मग काय, खुर्ची पुढे ओढून बसले. आणि कॉमेंट्री चालू. "एवढी गोरी मेंढरं आपल्याकडं कुठं, आपली काळी." "मशीनवर काढतोय बघ, आपल्याकडं पाय बांधून आडवं पाडत्यात आन् कातरीनं." मग पिक्चर पॉज करून नातीला सांगत बसले की पीक निघालं की धनगर कसे यायचे, वावरात रात्रभर कळप बसवायचे म्हणजे लेंडीखत आयतंच पडतं, त्या बदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे, आणि सकाळी अख्ख्या वावराला तो वास. लेकीने विचारलं मग त्यांच्यात शॉन कोण असतो, तर अण्णा म्हणाले मेंढरात शॉन नसतोच, मेंढरू खाली मान घालून पुढच्याच्या मागं जातं, म्हणून तर धनगर कळपात चार शेळ्या ठेवतो, शेळी पुढं निघाली की सगळे निघतात. "ह्यो तुमचा शॉन शेळीच्या डोक्याचाय." इतकं नेमकं परीक्षण मला काही जमायचं नाही.

बनवलाय कसा ते पण सांगितलं पाहिजे, कारण हल्ली सगळं कॉम्प्युटरवर गुळगुळीत असतं. हा स्टॉप मोशन आहे, म्हणजे खऱ्या छोट्या बाहुल्या, आत सांगाडा आणि वरून प्लॅस्टिसिन म्हणजे खेळायची मऊ माती, सिलिकॉन वगैरे, त्या हाताने तसूभर हलवायच्या, फोटो काढायचा, परत हलवायच्या. एका सेकंदाच्या पिक्चरला २४ फ्रेम. दिवसभर राबून एका ॲनिमेटरच्या हातून जेमतेम दोन सेकंद निघतात. हे लेकीला सांगितल्यावर तिने दुसऱ्या दिवशी आपल्या खेळण्यांचे फोटो काढून काढून माझ्या फोनचं स्टोरेज संपवलं तो भाग वेगळा. पण नाशिककरांनी याचं फार नवल करू नये असं माझं मत. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्येच कॅमेरा लावून वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम घेत टिपली होती, पुढे आगकाड्या पण नाचवल्या, आणि राजा हरिश्चंद्र झाल्यावर बिऱ्हाड हलवून आपल्या नाशकात आले आणि इथे मूकपट काढत राहिले. आपल्याला फाळके स्मारक म्हणजे पांडवलेणीच्या पायथ्याची सहलीची जागा एवढंच माहीत. एक शब्द न बोलता गोष्ट सांगायची तर चेहरा आणि टायमिंग दोन्ही किती पक्कं लागतं, हे हा पिक्चर बघताना कळतं. शॉनला तर धड तोंडही दिसत नाही अर्धा वेळ, नुसते डोळे आणि कान, त्यावर सगळं.

रडवणारा एक सीन आहे, आधीच सांगून ठेवते. शॉन शोधत शोधत सलूनपर्यंत पोचतो, मालक समोर उभा, आणि मालक त्याला ओळखतच नाही, बाहेर घालवतो. आमच्याकडे एकदम शांतता. लेक माझ्या कुशीत. त्यानंतर गल्लीत सगळ्या मेंढ्या मिळून कळपातल्या पिल्लाला झोपवायला बें बें करत जे गाणं म्हणतात ते मला अजून सुटलेलं नाही, भांडी घासताना गुणगुणते मी. ज्यांच्या घरात विसरायला लागलेलं एखादं म्हातारं माणूस आहे त्यांना हा सीन जरा जास्तच लागेल.

काय आवडलं नाही? तो जनावरं पकडणारा ट्रम्पर. व्हिलन पाहिजे म्हणून घातलाय आणि शेवटची पंधरा-वीस मिनिटं त्याच्याच पळापळीत जातात, म्हणजे मजा आहे पण ती कुठल्याही पिक्चरमध्ये असते तशी. आधीची गंमत बारीक होती, बघणाऱ्याला शोधायला लागायची, शेवटी नुसती धावाधाव. शिवाय तो माणूस जरा जास्तच खुनशी होतो, चार वर्षांच्या आतली पोरं घाबरू शकतात. आणि मालकाच्या घरात डुकरं शिरून धिंगाणा घालतात तो ट्रॅक मला थोडा कमीच वाटला, वेळ काढल्यासारखा.

ऑस्करला नॉमिनेशन होतं याला, मिळालं इनसाइड आऊटला. तो पण चांगलाच आहे, पण तो मला लेकीला समजावून सांगायला लागला होता. इथे उलट, मलाच ती दाखवत होती, आई मागच्या भिंतीवरचं बघ, आई त्या बदकाकडे बघ. नावं पडायला लागली की लगेच बंद करू नका, शेवटी पण गमती आहेत.

दुसरा भाग २०१९ चा, फार्मागेडन. त्यात यान येतं, लू-ला नावाचं परग्रहावरचं पिल्लू येतं, रंग-लाईट झगमगाट भरपूर, लेकीला तोच जास्त आवडला. अण्णा यान उतरलं तसे उठले, "मेंढरं कुठंयत यात?" म्हणाले आणि बाल्कनीत गेले.