मागावी न लागणारी मदत : ब्रिटनच्या 'कोल्ड वेदर पेमेंट'विषयी

मुंबईत आजवर नोंदले गेलेले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे. ती नोंद सांताक्रूझची, २२ जानेवारी १९६२ या दिवसाची. त्यामुळे घर गरम ठेवण्यासाठी महिन्याला वेगळे पैसे बाजूला काढावे लागतात, हे मुलुंडमध्ये वाढलेल्या मला इंग्लंडमध्ये एकट्या राहणाऱ्या ७८ वर्षांच्या मावशीचे व्यवहार फोनवरून पाहू लागल्यावरच कळले. तिला मिळणाऱ्या 'कोल्ड वेदर पेमेंट' या सरकारी मदतीबद्दल, ज्यांची वडीलधारी माणसे तिकडे आहेत अशांसाठी लिहीत आहे.

१ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात, घराच्या पोस्टकोडशी जोडलेल्या हवामान केंद्रावर सलग सात दिवसांचे सरासरी तापमान शून्य अंश किंवा त्याखाली गेले, किंवा तसा अंदाज असला, तर अशा प्रत्येक सात दिवसांसाठी २५ पौंड खात्यात जमा होतात. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही आणि इतर कोणतीही सरकारी मदत त्यामुळे कमी होत नाही. मावशीसारखी मानी बाई यासाठी कधीच कोणाकडे गेली नसती. "कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही गं," असे ती पहिल्यांदा पैसे आले तेव्हा म्हणाली होती, आणि या योजनेचा सर्वांत मोठा गुण मला तोच वाटतो.

मात्र हे पैसे आपोआप येण्यासाठी आधी 'पेन्शन क्रेडिट' (कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारा सरकारी भत्ता) किंवा 'युनिव्हर्सल क्रेडिट' (कमी उत्पन्नाच्या, निवृत्तीवयाखालील लोकांसाठीचा भत्ता) यांसारखा उत्पन्नावर आधारित लाभ चालू असावा लागतो, आणि तो स्वतः अर्ज करूनच मिळतो. पात्र असूनही पेन्शन क्रेडिट न मागणारे वृद्ध तिथे पुष्कळ आहेत. त्यांच्यापर्यंत ही मदतही पोहोचत नाही. व्हिसावर मुलाकडे राहायला गेलेल्या आईवडिलांना तर सहसा असे लाभ मागताच येत नाहीत, हे जाण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

माझा खरा आक्षेप सरासरीच्या अटीवर आहे. रात्री पारा उणे चार अंशांवर आणि दुपारी पाच अंशांवर असेल, तर त्या दिवसाची सरासरी शून्याच्या वर जाते. असा आठवडाभर गारठा राहिला तरी एक पौंडही मिळत नाही. दमट, जुन्या घरात दोन-तीन अंशांची थंडीही हाडांत शिरते, आणि मावशी अशा दिवसांत एकाच खोलीत हीटर लावून, आजीने शिवलेली गोधडी गुडघ्यांवर घेऊन बसते. शिवाय पैसे थंडीचा आठवडा संपल्यानंतर, चौदा कामकाजाच्या दिवसांच्या आत येतात. ज्यांच्याकडे आधी पैसे भरायचा मीटर आहे त्यांना गरजेच्या क्षणी स्वतःच्याच पाकिटात हात घालावा लागतो.

रक्कमही अपुरी आहे. २००८च्या हिवाळ्यात ती साडेआठ पौंडांवरून २५ पौंड झाली आणि तेव्हापासून तिथेच थांबली आहे, या काळात गॅस आणि वीज मात्र कितीतरी महागली. स्कॉटलंडने २०२३ मध्ये तापमानाची अटच काढून, पात्र घरांना वर्षातून एकदा ठरावीक रक्कम देणे सुरू केले. सुरुवातीला ती ५० पौंड होती. पारा किती खाली जाईल याची वाट पाहत बसण्यापेक्षा वृद्धांना तो मार्ग जास्त धीर देणारा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नातेवाइकांनी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच पेन्शन क्रेडिटची चौकशी करून घ्यावी. अर्ज फोनवरूनही करता येतो आणि पात्रता आधीपासून असेल तर मागील तीन महिन्यांपर्यंतचे पैसेही मिळू शकतात. मावशीच्या दोन मैत्रिणींना आम्ही यंदा अर्ज करायला लावला. एकीचा मंजूर झाला आहे, दुसरीचा निर्णय अजून यायचा आहे.