लेकरं घेऊन सेवाग्राम: वर्ध्यात नवीन आलेल्यांसाठी

आम्ही मूळचे दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. जूनमध्ये ह्यांची बदली झाली अन् सासूबाई, दोन लेकरं, गॅस, कुलर घेऊन वर्ध्याला भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. गावात पोरांना बाहेर न्यायचं प्लॅनिंग करावंच लागत नव्हतं, उठले की वावरात नाहीतर पारावर, भूक लागली की आपोआप घरी. इथं मात्र सारा पावसाळा पोट्टे पलंगावर मोबाईल घेऊन बसले.

पहिली ट्रिप पार फसली. जवळच्याच एका ठिकाणी (नाव नाही घेत, टायमिंगची चूक आमचीच होती) ऑक्टोबरच्या उन्हात साडेबाराला पोचलो, चपला बाहेर काढायच्या होत्या अन् फरशी म्हणजे निरा तवा, लहाना सहा वर्षाचा, तो बेडकासारखा उड्या मारतच परत आला, वरून नळाला पाणी नाही. घरी येऊन तळपायाला खोबरेल तेल लावलं अन् ठरवलं की आता आधी सावली, पाणी अन् संडास-बाथरूमची चौकशी करायची, मग बाकीचं.

तर संक्रांतीनंतरच्या रविवारी सेवाग्राम आश्रम. शहरापासून आठेक किलोमीटर, ऑटोनं गेलो. पहिल्या ऑटोवाल्यानं नवीन माणसं पाहून असा भाव सांगितला की सासूबाई म्हणे, "एवढ्यात तं दर्यापूरले जाऊन येतो बाप्पा." दुसरा निम्म्यात आला. भाव आधी ठरवूनच बसा. नऊच्या आत पोचलो. झाडं मोठमोठी, गांधीजींनी 1936 मध्ये लावलेला पिंपळ तिथंच आहे, खाली गार सावली. तिकीट नाही. झोपाळा-घसरगुंडी शोधत जाल तर नका जाऊ, ते ठिकाण त्यासाठी नाहीच. पण पोरांना पळायला मोकळी जागा लागते अन् मोठ्यांना बसायला, ते दोन्ही मिळालं.

मला खरी भीती होती की पोट्टे दहा मिनिटांत बोअर होतील. झालं उलटंच. बापूंच्या दफ्तरात, म्हणजे ऑफिसच्या खोलीत, साप पकडायचा पिंजरा अन् लाकडी चिमटा ठेवलेला आहे. त्या काळी इथं साप भल्ले निघायचे, तर मारायचे नाही, पकडून दूर सोडून द्यायचे. लहान्यानं पिंजऱ्याला नाक लावून पाहिलं अन् जोरात विचारलं, "मंग आपले आजोबा काऊन काठी घेऊन पयते?" आजूबाजूचे सगळे हसले, सासूबाई सोडून. तिथंच टेलिफोनची एवढीशी खोली आहे, व्हाइसरॉयला गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून ती लाइन टाकली होती. मोठीला हे पटेचना, एका फोनसाठी अख्खी खोली, अन् तो फोन हातात घेऊन फिरताही येत नाही.

बापू कुटीत गेल्यावर सासूबाई मात्र थांबल्याच. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू, खाली सारवलेलं. भिंतीवर मातीनंच उठवलेली ताडाची झाडं आहेत, गांधीजींच्या शिष्या मीराबेननं केलेली, ही कुटी आधी तिचीच होती. सासूबाईंनी भिंतीजवळ तोंड नेऊन पाहिलं अन् म्हणे, "पोत कसं काढलं वो, एक भेग नाही." आमचं गावातलं मातीचं घर आम्हीच चार वर्षांमागं पाडलं, स्लॅब टाकला, अन् आता दर उन्हाळ्यात त्याच स्लॅबखाली कुलर लावून बसतो. ह्यांच्याकडे पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "म्या सांगतलं होतं." ह्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

सेवाग्राम गावाचं नावही आधी शेगाव होतं. आपल्या गजानन महाराजांच्या शेगावात पत्रं जायची, घोळ व्हायचा, म्हणून 1940 मध्ये सेवाग्राम केलं. घोळ अजून संपला नाही म्हणा, वर्धा अन् सेवाग्राम अशी दोन वेगळी जंक्शनं आहेत अन् आमचा भाऊ दिवाळीत सेवाग्रामला उतरून वर्धा स्टेशनवर मला शोधून राहिला असं फोनवर सांगत होता.

डबा आश्रमात उघडला नाही, बाहेर येऊन झाडाखाली बसलो, पोळ्या, झुणका, तिळाची चटणी. जवळच्या एका टपरीवर चहा घेतला तो पार पांचट, साखरेचं पाणी नुसतं, तर थर्मास घरूनच भरून न्या. दीड-दोन तास पुरतात. अकरानंतर शाळांच्या सहलीच्या बसेस लागतात, मग पिंजऱ्याजवळ उभं राहायलाही जागा नसते.

त्याच दिवशी पवनारही उरकू असा ह्यांचा बेत होता, मी हाणून पाडला. एका दिवशी एकच जागा, लहान लेकरं असली की हेच चालते. पवनारला मग पुढच्या महिन्यात गेलो, विनोबांचा आश्रम धाम नदीच्या काठावर आहे, छान आहे, पण नदी म्हटलं की माझा सारा वेळ लहान्याचा हात धरण्यात गेला, पावसाळ्यात तर नेऊच नका. पावसाचा रविवार असला तर वर्धा शहरातलं मगन संग्रहालय बरं, 1938 पासूनचं आहे, चरखे पाहायला मिळतात. बोर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल ठेवलंय पुढं, लहाना जिप्सीत गप्प बसायला शिकला की.

माझ्याकडून सेवाग्रामला पाचपैकी साडेचार. अर्धा मी कापला कारण लहान्यानं घरी आल्यावर खराट्याच्या काड्या अन् माझा पोळ्यांचा चिमटा घेऊन पिंजरा बनवला, दोन दिवस मी सांडशीनं पोळ्या भाजल्या. येताना गोरस भंडारातून पाव किलो गोरस पाक (इथली बिस्किटं) घेतला होता, गावाला पाठवायला म्हणून. घर येईपर्यंत पुड्यात नुसता चुरा उरला, तो सासूबाईंनी खाल्ला.